हळहळ पुष्कळ, पाठपुरावा थोडा

(फलटण येथील युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

एक तक्रार आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ‘तुमच्या पिढीला समाजाचं काही पडलेलं नाही. मोबाइल आणि पगार, एवढंच तुमचं जग.’ अशी तक्रार करणारे काका-मामा इथेही असतील. त्यांचा मान राखून सांगतो, ही तक्रार निदान अर्धी तरी चुकीची आहे. रात्री अकरा वाजता काम संपवून हिंजवडीहून घरी निघालेला मुलगा कंपनीच्या गाडीत बसून बातमी वाचतो, चिडतो, दोन ओळी लिहितो, चार जणांना पाठवतो. त्याची ती चीड खोटी नसते. प्रश्न पुढचा आहे. दुसऱ्या दिवशी त्या चिडीचं काय होतं? महिन्याने? वर्षाने?

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. आपल्या पिढीजवळ हळहळ पुष्कळ आहे, माहितीही पुष्कळ आहे, पाठपुरावा मात्र थोडा आहे. आणि पाठपुरावा हा काही कुणाचा जन्मजात गुण नाही. तो शिकता येतो. आपल्याला तो कुणी शिकवला नाही आणि आपणही शिकून घेतला नाही.

आपली पिढी म्हणजे कोणती, ते आधी बघू. साधारण १९८१ ते १९९६ या काळात जन्मलेल्यांना मिलेनियल म्हणतात. म्हणजे आज साधारण तिशी ते पंचेचाळिशीतली माणसं. वर्तमानपत्रं आपल्याला अजून ‘आजची तरुणाई’ म्हणतात, पण आपल्या डोक्याचे केस वेगळं सांगतात. आपण शाळेत होतो तेव्हा १९९१ चं आर्थिक धोरण आलं. बाबरी पडली, मुंबईच्या दंगली झाल्या. १९९५ च्या १५ ऑगस्टला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. टपालाने पत्र लिहिणारी शेवटची आणि खिशात इंटरनेट घेऊन हिंडणारी पहिली, अशी ही पिढी आहे.

आपल्यातले बरेच जण इंजिनिअर झाले, त्यामागे एक राजकीय निर्णय आहे. १९८३ साली मुख्यमंत्री असताना, आपल्या शेजारच्या सांगलीच्या वसंतदादा पाटलांनी खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना वाट मोकळी करून दिली. तोवर मोजक्या सरकारी कॉलेजांत मोजक्या घरांतली मुलं जायची. नंतर फलटण, माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या मुलांनाही ती डिग्री दिसू लागली. ही मोठी गोष्ट होती. पण तिची किंमतही होती. कुणाच्या बापाने रान गहाण टाकलं, कुणी बँकेचं कर्ज काढलं. त्या मुलाच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून एकच हिशोब पक्का झाला: चार वर्षं, मग नोकरी, मग हप्ते. मोर्चाबिर्चा नंतर बघू.

दुसरी एक गोष्ट कमी बोलली जाते. आधीच्या पिढीतले कार्यकर्ते कॉलेजच्या निवडणुकांतून तयार झाले. सभा कशी बोलवायची, इतिवृत्त कसं लिहायचं, विरोधकाचं ऐकून कसं घ्यायचं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात कसं बसायचं, हे सगळं ते तिथे शिकले. कॉलेज निवडणुकांतल्या हिंसाचारानंतर महाराष्ट्रात १९९० च्या दशकात थेट निवडणुका बंद झाल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याखाली विद्यार्थी प्रतिनिधी गुणांवरून नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, तोवर आपल्यातले बहुतेक जण नोकरीला लागून गेले होते. म्हणजे महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने कॉलेजात एकदाही मत टाकलं नाही. संघटना चालवण्याचं प्राथमिक शिक्षणच आपल्याला मिळालं नाही.

ती जागा मोबाइलने भरली. व्हॉट्सॅपचा ग्रुप ही आपली शाखा झाली, फेसबुक ही आपली सभा आणि ‘लाइक’ हे आपलं मतदान. मी रोज सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. ही ॲप्स वाईट हेतूने बनवलेली नाहीत, पण ती एका ठरावीक कामासाठी बनवलेली आहेत. माणूस पडद्यावर टिकून राहावा, हे ते काम. राग आला की माणूस टिकतो. नवीन काही दिसलं की टिकतो. जुनं दाखवलं की निघून जातो. त्यामुळे कालचा प्रश्न आज तुमच्यासमोर परत येईल अशी सोय त्या यंत्रात नाही. पाठपुरावा म्हणजे तर जुन्या प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा परत जाणं. हे काम ते यंत्र तुमच्यासाठी करणार नाही, ते तुम्हालाच करावं लागेल.

आता आपल्या गावाबद्दल बोलतो. बोलणं जड जातं, पण टाळता येत नाही.

२३ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या उपजिल्हा रुग्णालयात काम करणाऱ्या एका तरुण डॉक्टर मुलीचा मृत्यू झाला. तिच्या तळहातावर लिहिलेल्या मजकुरात एका पोलीस उपनिरीक्षकावर अत्याचाराचा आरोप होता. अटका झाल्या, विशेष तपास पथक नेमलं गेलं, राज्यभर डॉक्टरांनी आंदोलन केलं. दोषी कोण, ते न्यायालय ठरवेल. मी त्याबद्दल बोलणार नाही. आपल्याबद्दल बोलणार आहे.

त्या आठवड्यात फलटणचं नाव देशभर गाजलं. आपल्या पिढीच्या प्रत्येकाच्या मोबाइलवर ती बातमी होती. आणि आपण काय केलं? तिचा फोटो पाठवला. तिचं नाव पाठवलं. तिचं गाव, तिची जात, तिचे खासगी निरोप, जे हाती लागलं ते पाठवलं. पाठवणाऱ्यांच्या मनात सहानुभूती होती, हे मी मान्य करतो. पण लैंगिक अत्याचाराचा आरोप असलेल्या प्रकरणात पीडितेची ओळख जाहीर करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७२ आहे. पीडिता हयात नसली तरी हे संरक्षण संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं आहे. शिकलेल्या, पदवीधर, संवेदनशील म्हणवणाऱ्या पिढीला हे ठाऊक नव्हतं. म्हणून आज मी तिचं नाव घेतलेलं नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. तिने काही महिने आधी पोलिसांच्या दबावाबद्दल वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली होती, असं वृत्तपत्रांनी छापलं. कागदावर, रीतसर तक्रार. जरा विचार करा. ती तक्रार लिहिली गेली त्या महिन्यात आपल्यातल्या कुणाच्या मोबाइलवर ती दिसली नाही, कारण अर्ज कधी ‘व्हायरल’ होत नाही. मृत्यू होतो. आपल्या पिढीने सामाजिक प्रश्न ओळखायची जी खूण ठरवली आहे ती इतकी उशिराची आहे की आपण पोचतो तेव्हा फक्त मेणबत्ती लावायचं काम उरलेलं असतं.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. त्याआधी १९९७ साली विशाखा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं दिली होती. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. लहान आस्थापनांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तीन महिन्यांत तक्रार करायची, नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण व्हायची, असे आकडे कायद्यात लिहिले आहेत. आपल्या कंपन्यांत दरवर्षी याचं प्रशिक्षण होतं. आपण संगणकावर बटणं दाबून ते पूर्ण करतो आणि प्रमाणपत्र घेतो. मग मला सांगा, आपल्या बहिणी जिथे काम करतात त्या शाळेत, पतसंस्थेत, दवाखान्यात, साखर कारखान्याच्या कार्यालयात ही समिती आहे का? तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावली आहेत का? इथे बसलेल्या किती जणांनी हे कधी विचारलं आहे? विचारायला धाडस लागत नाही, एक अर्ज लागतो.

आता पोस्टच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. १० सप्टेंबर २०२३ ची रात्र. खटाव तालुक्यातलं पुसेसावळी. समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव जमला, मशिदीवर हल्ला झाला, दुकानं-गाड्या जाळल्या गेल्या आणि आपल्याच पिढीतल्या एका तरुणाचा जीव गेला. तो नमाजसाठी मशिदीत होता. जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करावं लागलं. हे उत्तर प्रदेशात नाही घडलं. सातारा जिल्ह्यात घडलं, जिथल्या नायगावात सावित्रीबाईंचा जन्म झाला आणि कटगुणला जोतीरावांचं मूळ घराणं आहे.

त्याआधी पाच वर्षं, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं होतं. ती माणसं सोलापूर जिल्ह्यातली होती, पोट भरायला गेली होती. अफवा व्हॉट्सॅपवर फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. फार वेळा फिरलेल्या निरोपावर दोन बाण दिसू लागले. आमच्या धंद्यातल्या लोकांना एवढंच करता येतं: वेग कमी करणं. निरोप खरा की खोटा, हे बाण सांगत नाहीत.

या दोन्ही घटनांमधला निरोप पुढे पाठवणारा माणूस कोण होता? तो राक्षस नव्हता. त्याला ‘समाजाचं पडलेलं’ होतं! मुलांची काळजी होती, धर्माची काळजी होती, गावाची काळजी होती. म्हणून म्हणतो, आपल्या पिढीला कळवळा कमी आहे ही तक्रार मला पटत नाही. कळवळ्याला तपासणीची जोड नसेल तर तोच कळवळा दगड उचलतो. आणि हे मी फक्त समोरच्या बाजूबद्दल बोलत नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या ग्रुपवर दुसऱ्या देशातला, दुसऱ्या सालातला व्हिडिओ ‘आपल्या भावांवर अत्याचार’ म्हणून फिरतो, तेव्हा तारीख विचारणारा किती वेळा दिसतो? विचारणाऱ्याला ‘तू कुणाच्या बाजूने?’ असा उलट प्रश्न येतो. तरी विचारायचं. हेच काम आहे.

आता जिथे आपल्या पिढीने टिकून काम केलं, अशा गोष्टींकडे येतो. त्या आहेत आणि आपल्याच राज्यात आहेत.

पहिली कंजारभाट समाजातल्या मुलांची. या समाजात लग्नाच्या रात्री नवरीच्या कौमार्याची परीक्षा घेण्याची आणि तिचा निकाल जातपंचायतीसमोर सांगण्याची प्रथा चालत आली होती. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. त्याच वर्षी विवेक तमायचीकर आणि त्याच्यासारख्या काही तरुण-तरुणींनी एक व्हॉट्सॅप ग्रुप काढून या प्रथेविरुद्ध मोहीम सुरू केली. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीत एका लग्नात त्यांच्यातल्या मुलांना मारहाण झाली. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. त्याच वर्षी विवेकने ही परीक्षा नाकारून लग्न केलं. नंतर त्याच्या पत्नीला नवरात्रात दांडियाच्या मंडपातून बाहेर जायला लावलं गेलं, तेव्हा सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. २०१९ च्या सुरुवातीला राज्य सरकारने अशी परीक्षा लैंगिक अत्याचार मानली जाईल असं जाहीर केलं.

या गोष्टीत तीन धागे आहेत. एक, प्रश्न स्वतःच्या घरातला होता. दूरच्या लोकांवर टीका करणं सोपं असतं, कारण रविवारी त्यांच्यासोबत जेवायला बसायचं नसतं. या मुलांना आपल्याच मावशी-काकांच्या पंगतीतून उठवलं गेलं. दोन, ग्रुप ही सुरुवात होती, शेवट नव्हता. ग्रुपवरून ते पोलीस ठाण्यात गेले, पत्रकारांकडे गेले, आमदारांकडे गेले. तीन, त्यांच्या हाती कायदा तयार होता. महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ साली मंजूर केला, २०१७ साली तो लागू झाला. त्यामागे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं जातपंचायतींविरुद्धचं काही वर्षांचं काम होतं. जुन्या संघटनेने कायदा आणला, नव्या पिढीने तो वापरला. दोघांनी एकमेकांना नावं ठेवत बसायचं ठरवलं असतं तर काहीच झालं नसतं.

मुस्लिम तरुणांनी यातला पहिला धागा विशेष लक्षात घ्यावा, असं मला वाटतं. आपण जगातल्या अन्यायावर तळमळीने लिहितो आणि लिहायलाच हवं. पण बहिणीला तिचा वारसाहक्क प्रत्यक्षात दिला का, जमातीच्या कारभारात बायकांचं मत विचारलं जातं का, हे आपल्या घरातले प्रश्न आहेत. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा गेला, त्यात सात मुस्लिम स्त्रिया होत्या आणि सोबत हमीद दलवाई. फक्त सात. तत्काळ तिहेरी तलाक रद्दबातल ठरवणारा निकाल २२ ऑगस्ट २०१७ रोजी आला. मधे एक्कावन्न वर्षं गेली. आज सात जणांचा ग्रुप कुणी काढला तर आपण विचारतो, ‘बस, एवढेच मेंबर?’

दुसरी गोष्ट पाण्याची. २०१६ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तिच्यात तीनच तालुके होते. वरूड, अंबाजोगाई आणि आपल्या जिल्ह्यातला कोरेगाव. पहिला क्रमांक आला कोरेगावच्या वेळू गावाचा. २०१८ साली पहिलं आलं माणमधलं टाकेवाडी. पंचेचाळीस दिवस गावोगाव लोकांनी चर खणले, बांध घातले. पुण्या-मुंबईतले आपल्यासारखे लोक ‘जलमित्र’ म्हणून १ मे च्या सुट्टीत टोपली घेऊन आले. पडद्यावर बोटं चालवणाऱ्या हातांना पहिल्यांदा फोड आले. पक्ष, जात, भावकी बाजूला ठेवून लोक एका रांगेत उभे राहिले. हे मोलाचं होतं, त्याची थट्टा मी करणार नाही.

पण पाणी अडवायला पंचेचाळीस दिवस पुरतात, अडलेलं पाणी कसं वापरायचं हे ठरवायला पुरत नाहीत. पाणी आलं की ऊस येतो, हे फलटणकरांना मी सांगायला नको. नीरा उजव्या कालव्याखालच्या रानाने ते शंभर वर्षं पाहिलं आहे. कुणी किती खोल बोअर घ्यायची, कुठलं पीक घ्यायचं नाही, हे ग्रामसभेत भांडून ठरवावं लागतं आणि दरवर्षी पाळावं लागतं. हिवरे बाजारने १९९० पासून तेच केलं. पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअर बंद केल्या. पाणी फाउंडेशननेही पुढे पंचेचाळीस दिवसांवरून दीड वर्षांच्या समृद्ध गाव स्पर्धेकडे मोर्चा वळवला. श्रमदानाचा फोटो आपल्या पिढीने मनापासून काढला. ताळेबंदाच्या बैठकीला मात्र आपण पुण्यात होतो.

टिकून राहणं म्हणजे काय, याचं उदाहरण फलटणातच आहे. अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सीन बर्नसन भाषेच्या अभ्यासासाठी भारतात आल्या आणि १९६० च्या दशकात फलटणला येऊन राहिल्या. त्या इथल्या मराठीत बोलायला शिकल्या, भारताच्या नागरिक झाल्या. शाळेबाहेर राहिलेल्या, वाचता न येणाऱ्या वस्तीतल्या मुलांना शिकवता शिकवता प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन सुरू झालं. मुलाला वाचता का येत नाही, हा एक प्रश्न. फलटण, हे एक गाव. त्यावर आयुष्यातली कित्येक दशकं. आपण एका संध्याकाळी अकरा विषयांवर मत देतो.

आणि साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर. १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाली. जादूटोणाविरोधी कायदा झाला २०१३ साली, तोही २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर. त्यानंतर कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला त्या पुलावर जमत राहिले, ‘तपासाचं काय झालं’ विचारत राहिले. घोषणा देणारे कधी पन्नास, कधी पंधरा. खटल्याचा निकाल लागला १० मे २०२४ रोजी. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. समाधान पूर्ण नाही, हे खरं. पण दर महिन्याला एक तारीख पाळणं काय असतं, हे त्या पुलावर दिसलं. त्याला इंटरनेट लागत नाही, कॅलेंडर लागतं.

आता मी माझ्या धंद्यातलं एकच उदाहरण देतो. सॉफ्टवेअरमध्ये कुणाला चूक सापडली की तो ओरडत बसत नाही. तो तिची नोंद करतो, तिला आम्ही तिकीट म्हणतो. त्या तिकिटावर चार गोष्टी असतात. नेमकं काय बिघडलं आहे. कुणाच्या नावावर आहे. कधीपर्यंत व्हायचं आहे. आणि आज काय स्थिती आहे. ज्या तिकिटावर कुणाचं नाव नाही ते कधीच सुटत नाही, हे इथे बसलेल्या प्रत्येक आयटीवाल्याला माहीत आहे. रोज सकाळी दहा वाजता आपण उभ्याउभ्या त्या यादीचा हिशोब देतो. परक्या देशातल्या बँकेच्या ॲपमधलं बटण नीट बसावं म्हणून आपण इतकं शिस्तीने वागतो. तीच शिस्त आपल्या गल्लीतल्या गटारासाठी, दवाखान्यातल्या रिकाम्या पदासाठी, शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहासाठी वापरायला काय हरकत आहे?

साधनं आहेत. माहितीचा अधिकार १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर लागू आहे. महाराष्ट्रात तर त्याआधी २००२ चा आपला कायदा होता. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. दीडशे शब्द! आपण त्याहून मोठी कमेंट रागाच्या भरात लिहितो. उत्तर आलं नाही तर अपील आहे. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, दाखले आणि सेवा किती दिवसांत द्यायच्या हे त्याखाली ठरलेलं आहे. ऑनलाइन अर्ज करता येतो. ज्या कामात आपण तरबेज आहोत, नेमकं तेच काम इथे करायचं आहे.

एक अडचण कुणीतरी नक्की काढेल: ‘आम्ही पुण्यात, प्रश्न फलटणात. रजा कुठून आणायची?’ खरं आहे, नोकरीत रजेची मारामार असते, हप्ते असतात, लहान मुलं असतात. बायकांच्या वाट्याला तर नोकरीनंतर घरची दुसरी पाळी असते. त्यामुळे सगळ्यांनी सगळं करावं असं मी म्हणणार नाही. पण ग्रामसभा केव्हा होतात ते बघा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी किंवा त्यांच्या आसपास. यातल्या प्रत्येक दिवशी हिंजवडीला सुट्टी असते. माउलींच्या पालखीला आपण हौसेने फलटणला येतो. वारकऱ्यांना पाणी वाटताना शेख आणि शिंदे खांद्याला खांदा लावून उभे असतात. तसंच वर्षातून दोनदा ग्रामसभेच्या सतरंजीवर एकत्र बसायला काय हरकत आहे? नगरपालिका हद्दीत राहणाऱ्यांनी आपल्या प्रभागाचा अर्थसंकल्प मागून घ्यावा. तो कागद वाचता येणारी माणसं आपल्याइतकी दुसऱ्या कुठल्या पिढीत नव्हती.

आणि ज्येष्ठांनाही एक विनंती. संघटनेत आलेल्या तरुणाला पोस्टर लावायला आणि फेसबुकचं पान सांभाळायला बसवू नका. त्याला इतिवृत्त लिहायला द्या, हिशोब बघायला द्या, त्याचं मत वेगळं असलं तर बैठकीत बोलू द्या. कॉलेजने जे शिकवलं नाही ते शिकवायची शेवटची जागा आता तुमची संघटना आहे. तिथेही त्याला फक्त टाळ्या वाजवायला ठेवलं तर तो परत मोबाइलकडे जाईल, आणि दोष त्याचा एकट्याचा नसेल.

तर आज इथून जाताना प्रत्येकाने फक्त एक प्रश्न निवडा. एकच, आणि शक्यतो असा की जो आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तो एका वाक्यात लिहा. त्यापुढे स्वतःचं नाव लिहा. त्याच्यासाठी महिन्यातली एक तारीख ठरवा आणि वर्षभर, बारा वेळा, त्या तारखेला त्या प्रश्नाकडे परत जा. सोबत एक तरी माणूस असा घ्या, जो आपल्या धर्माचा किंवा जातीचा नाही. पुसेसावळीसारखी रात्र पुन्हा येऊ पाहील तेव्हा हीच ओळख उपयोगी पडेल. बारा महिन्यांनी प्रश्न सुटेलच असं नाही, पण कागदपत्रांची एक फाइल तयार झालेली असेल आणि कुणाला काय विचारायचं ते तुम्हाला माहीत असेल.

आपल्या रुग्णालयातल्या त्या मुलीने रीतसर मार्ग धरला होता. तिने अर्ज लिहिला होता. तिच्या अर्जाच्या मागे कुणी उभं नव्हतं. पुढचा अर्ज आज, आत्ता, या तालुक्यात कुणीतरी लिहीत असेल. तो बातमी होण्याआधी आपल्यापर्यंत पोचला पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा.